वीस वॅटचा नॅड अँप्लिफायर आणि हरवलेल्या दोन पिना

बाबांच्या एलपी घरात होत्या आणि त्या वाजवायला काहीच नव्हतं, इथून हे सगळं सुरू झालं. नव्वदेक रेकॉर्ड असतील, बहुतेक शास्त्रीय, थोडी नाट्यसंगीताची, कव्हरच्या मागे बारीक अक्षरात एचएमव्हीच्या कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्याचा पत्ता छापलेला. दोन वर्षांपूर्वी एक साधा टर्नटेबल घेतला, तो ब्लूटूथ स्पीकरला जोडला आणि पहिल्याच दिवशी कळलं की हे खरं नाही. आवाज येत होता पण तानपुरा म्हणजे नुसती मागे घरघर, आणि तबल्याचा बायां तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखा. मग वाचायला लागलो, ओळखीच्यांना विचारायला लागलो, आणि सगळे एकच सांगायचे, जुना अँप्लिफायर बघ, ज्याला फोनोचं इनपुट आहे असा.

फोनोचं का, तर टर्नटेबलच्या सुईतून जो सिग्नल निघतो तो फार म्हणजे फारच बारीक असतो, चार-पाच मिलीव्होल्ट, आणि वर रेकॉर्ड कापतानाच बेस दाबलेला असतो आणि ट्रेबल चढवलेला असतो, नाहीतर खाच एवढी रुंद होईल की एका बाजूला दहा मिनिटंही मावणार नाहीत. वाजवताना ते उलटं करून सरळ करावं लागतं. १९५४ पासून त्याचं एक ठरलेलं मोजमाप आहे, आरआयएए म्हणतात त्याला. जुन्या अँपमध्ये हे काम करणारं सर्किट आतच असायचं, कारण तेव्हा रेकॉर्ड हाच मुख्य माल होता.

शोधाशोध बरीच केली. पुण्यात जुन्या बाजारात बुधवार-रविवार चकरा, मुंबईला गेलो की चोरबाजारात मटण स्ट्रीटला. तिथे एक सान्सुई कंपनीचा अँप बघितला होता, चांदीसारखा फेस म्हणजे दर्शनी भाग, जड नॉब, फिरवला की टक टक करत जागेवर बसणारा, बघताक्षणी घ्यावासा वाटेल असा. पैसे काढायचेच बाकी होते, सहज मागे वाकून बघितलं तर पट्टीवर १०० व्होल्ट. म्हणजे खास जपानातल्या विक्रीचा. आपल्या २३० ला थेट लावला तर तिथेच राख. स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतात लोक, पण तो ट्रान्सफॉर्मर म्हणजे अजून एक तीन-चार किलोची गुणगुणणारी वस्तू घरात, आणि कोणीतरी पाहुणा एक दिवस सरळ भिंतीत प्लग घालणार ही भीती कायम. सोडला. कोणीही जुना अँप बघायला जात असेल तर आधी पुढचा फेस बघू नका, मागची व्होल्टेजची पट्टी बघा, कितीतरी जणांचे पैसे यात गेलेत.

माझ्या मनात खरं म्हणजे नॅड ३०२० होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, नॅड ही १९७२ मध्ये लंडनला सुरू झालेली कंपनी, आणि हा ३०२० म्हणजे १९७८ चा, एरिक एडवर्ड्सन नावाच्या नॉर्वेजियन इंजिनियरने डिझाईन केलेला. काळपट राखाडी रंग, प्लास्टिकचा फेस, दिसायला अगदी साधा, शोकेसमध्ये ठेवून मिरवावा असं त्यात काही नाही. ताकद लिहिलेली फक्त वीस वॅट. पण हे वीस वॅट खरे आहेत आणि सातत्याने देता येणारे आहेत, आणि तबल्याची एखादी थाप किंवा ऑर्केस्ट्राचा एकदम आलेला जोर असेल तर क्षणभर त्याच्या जवळजवळ दुप्पट देऊ शकतो, आणि चालवायला अवघड स्पीकर लावले तरी हातपाय गाळत नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे पीएमपीओचे, म्हणजे फुगवून सांगितलेल्या वॅटचे स्टिकर असायचे आठवतंय ना, हजार वॅट, दोन हजार वॅट, आणि आत ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा. त्या आकड्यांवर वाढलेल्या माणसाला वीस वॅट ऐकून कसंतरीच होतं, मलाही झालं होतं.

म्हणून हिशोब करून बघितला. माझे स्पीकर ८७ डेसिबलचे, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल. प्रत्येक तीन डेसिबलसाठी वॅट दुप्पट करायचे. दोनला ९०, चारला ९३, आठला ९६, सोळाला ९९. वीसला साधारण १००. माझी खोली दहा बाय बारा, शंभर डेसिबलला खालचे-वरचे दोन्ही शेजारी दारात येतील. आणि वीसऐवजी चाळीस वॅटचा घेतला असता तर फरक फक्त तीन डेसिबलचा. मग ठरलं.

तर गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी एका मित्राचा फोन आला, त्याच्या मावशीच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चाललंय, पार्ल्याला, पूर्वेला, सगळे घरं रिकामी करतायत, आणि तिथल्या एका काकांकडे तू म्हणतोस तसला काहीतरी नॅड आहे, पण बंद आहे, भंगारवाल्याला द्यायचं चाललंय. मी म्हटलं हात लावू नका म्हणावं, शनिवारी येतो.

जाताना बॅगेत तीन गोष्टी घेतल्या. मल्टीमीटर, फोनला लावायची ऑक्स केबल, आणि माझा सिरीज बोर्ड. सिरीज बोर्ड म्हणजे आपला इलेक्ट्रिशियन वापरतो तोच, एक होल्डर आणि एक सॉकेट एकामागोमाग जोडलेले, होल्डरमध्ये शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही इथे, तारेचाच पाहिजे, आणि तो हल्ली मिळायला त्रास होतो, मी दोन जपून ठेवलेत. वर्षानुवर्षं बंद असलेली वस्तू थेट मेनला कधी लावू नये. बल्बमधून लावली आणि आत शॉर्ट असला तर बल्ब भकभकीत पेटतो, वस्तूला काही होत नाही. ठीक असेल तर बल्ब एकदा चमकतो आणि मंद होतो.

काका ऐंशीच्या घरातले. १९८२ मध्ये कंपनीने सहा महिने ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवलं होतं, तिथे जेवणाच्या भत्त्यातून वाचवून वाचवून हा घेतला म्हणाले. काकूंनी लगेच दुजोरा दिला, "हे परत आले तेव्हा नऊ किलोनी उतरले होते, आणि हातात काय तर हा डबा!" वायरला अजून तो इंग्लंडचा चौकोनी जाड पिनांचा प्लग, पोटात फ्यूज असलेला. वजन पाच-साडेपाच किलो. वरच्या झाकणाच्या जाळीवर धुळीचा थर असा बसलेला की बोटाने ओढला तर लोकरीसारखा निघाला.

सिरीज बोर्डावर लावला, बटन दाबलं, बल्ब चमकला आणि दोन सेकंदांत मंद झाला. पॉवरचा दिवा लागला. स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावला, डावीकडे १९ मिलीव्होल्ट, उजवीकडे ३२. हे फार महत्त्वाचं. काही न वाजवता स्पीकरच्या तारांवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा व्होल्टेज, किती येतोय ते बघायचं, पन्नास मिलीव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, आणि एक-दोन व्होल्ट वगैरे दिसले तर स्पीकर लावायचाच नाही, कॉइल जळते. इथे सगळं छान. काकांचा एक जुना छोटा स्पीकर लावला, फोन लावला, व्हॉल्यूम वाढवला. काहीच नाही. पूर्ण वाढवला. हलकी खरखर, बाकी शुकशुकाट. पुढच्या ताकद दाखवणाऱ्या पाच दिव्यांपैकी एकही हलेना.

काका म्हणाले, "तेच सांगतोय ना तुला. लाईट लागतो, बाकी काही नाही. दोघांना दाखवून झालं. एक म्हणाला आयसी गेला, एक म्हणाला पार्ट मिळत नाहीत."

मी तो उलटा फिरवला आणि मागच्या बाजूला टॉर्च मारला. आणि दिसलं. हे जरा नीट सांगतो कारण अशा जुन्या अँपमध्ये हे माहीत असणं फार उपयोगाचं आहे. ३०२० मध्ये खरं म्हणजे एकाच डब्यात दोन यंत्रं आहेत. एक प्रीअँप, जो सिग्नल निवडतो, टोन, बॅलन्स, व्हॉल्यूम बघतो. दुसरा पॉवर अँप, जो स्पीकर हलवतो. या दोघांमधली जोडणी आतून नाहीये, ती मागच्या बाजूला बाहेरून आहे. प्री आऊटची सॉकेट आणि नॉर्मल इनची सॉकेट, आणि त्यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या दोन छोट्या धातूच्या पिना, डाव्या चॅनलला एक, उजव्याला एक. त्या पिना काढल्या की प्रीअँप आपल्या जागी चालू, पॉवर अँप आपल्या जागी चालू, आणि आवाज शून्य. काकांच्या अँपला त्या पिनाच नव्हत्या.

मी विचारलं, "काका, इथे कधी काही जोडलं होतं का तुम्ही?" ते बराच वेळ आठवत राहिले आणि आतून काकूच म्हणाल्या, "अहो तो इक्वलायझर नव्हता का, दांड्यांचा!" आणि मग सगळं जुळलं. ८८-८९ साली इक्वलायझरची फॅशन होती, दहा दांड्या वर-खाली करायच्या, तो बसवणाऱ्याने मागच्या पिना काढून त्या दोघांच्या मध्ये इक्वलायझर जोडला, जे बरोबरच होतं. पुढे दहा-एक वर्षांनी इक्वलायझर एका भाच्याला दिला, केबलींसकट. पिना तोवर कुठल्या ड्रॉवरमधून कुठे गेल्या देव जाणे. त्या दिवसापासून अँप मुका. पंचवीस वर्षं.

माळ्यावरच्या एका खोक्यात जुन्या कॅसेट डेकची केबल निघाली, दोन्ही बाजूंना आरसीए, म्हणजे ऑडिओचे गोल प्लग. ती प्री आऊटमधून नॉर्मल इनला लावली. व्हॉल्यूम शून्यावर घेतला आणि हळूहळू वाढवला. आधी नुसती खरखर, डावीकडचा आवाज येतोय जातोय, आणि मग एकदम खोलीत तानपुरा आला. मी फोनवर मन्सूरअण्णांचं, म्हणजे गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं, एक रेकॉर्डिंग लावलेलं होतं. ठेका सुरू झाला आणि सिरीज बोर्डावरचा बल्ब समेवर, जिथे बायां जोरात पडत होता तिथे, हलकासा पेटायला लागला. काका त्या बल्बकडेच बघत बसले होते. काकू हातातला पोह्यांचा डबा तसाच धरून दारात उभ्या. कोणी काही बोललं नाही, साधारण दहा मिनिटं.

किमतीचं सांगायला हवं. फोनवर तीन हजार ठरले होते, बंद म्हणून. मी म्हटलं काका आता हा चालू आहे, याला बाजारात बारा-पंधरापर्यंत मिळतील, तुम्हाला ठेवायचा असला तरी मी पिना बसवून देतो. ते म्हणाले नवीन जागा मिळेपर्यंत तीन वर्षं भाड्याच्या घरात, कुठे ठेवू. शेवटी आठ हजारांवर ठरलं आणि त्यांनी सोबत मूळ माहितीपुस्तिका दिली, जिच्यात मागच्या कोऱ्या पानावर त्यांच्या अक्षरात कुठला स्पीकर कुठल्या भिंतीला ठेवला की बेस कसा येतो याची तारखेसकट टिपणं आहेत. दादरहून शिवनेरीत बसलो आणि पुण्यापर्यंत तो मांडीवर होता, डिकीत ठेवायला मन होईना.

लगेच वाजवत बसलो नाही. दुरुस्तीवाले अण्णा आहेत आमचे, नारायण पेठेत, आधी रेडिओ मग टीव्ही आणि आता बहुतेक इन्व्हर्टर करतात. त्यांनी झाकण काढलं, आत पालीची दोन वाळलेली अंडी, बोर्डावर एका ठिकाणी रेझिस्टरखाली उष्णतेने तपकिरी झालेला डाग. आणि मग त्यांनी चष्मा वर करून आऊटपुटचे ट्रान्झिस्टर बघितले आणि खूशच झाले. "अरे हा तर आपला थर्टी फिफ्टीफाइव्ह!" २एन३०५५ आणि त्याचा जोडीदार एमजे२९५५. धातूच्या टोपीसारखे दिसणारे, दोन स्क्रूंवर बसणारे. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या काळात इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही केलंय त्यांना हा नंबर पाठ असतो, गणपतीच्या मंडपातले अँप म्हणा, बॅटरी चार्जर म्हणा, इन्व्हर्टर म्हणा, सगळीकडे हाच. लंडनमध्ये डिझाईन झालेल्या अँपच्या आत आणि अण्णांच्या खणातल्या डबीत एकच पार्ट. पार्ट मिळत नाहीत म्हणणाऱ्याने झाकण उघडलंच नसणार.

ट्रान्झिस्टर बदलायची वेळ आली नाही. बदलले ते कंडेन्सर, तेही सगळे नाही. चाळीस वर्षांत त्यातलं रसायन सुकतं, यात कंपनीचा दोष काही नाही, तो त्या पार्टचा स्वभावच आहे. मी उत्साहात एक अख्खा संच ऑनलाइन मागवला होता, तो अण्णांनी मीटरवर धरला तर १०० मायक्रोफॅरड छापलेल्यात ४० भरले. नकली, जुन्यावर नवीन वेष्टण. सगळे परत पाठवले, पैसे मिळायला महिना गेला. मग पासोड्या विठोबापाशी तपकीर गल्लीत स्वतः जाऊन, मीटर घेऊन, एकेक मोजून घेतले, १०५ डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारे. अण्णांची पद्धत मला फार पटली, आधी फक्त डावा चॅनल करायचा, मग आठवडाभर डावा-उजवा ऐकून फरक सांग म्हणाले, मग उजवा. त्यामुळे काय बदललं ते कानाला कळतं, आणि काही चुकलं तर तुलनेला दुसरी बाजू शाबूत असते. फरक बेसमध्ये होता. डावीकडे बायांची मींड, ती घुमत वर जाते ना, ती गोल ऐकू यायची, उजवीकडे नुसता धप्प.

व्हॉल्यूम आणि बॅलन्सची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली, आत नळी घालून एक फवारा आणि मग नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीसएक वेळा फिरवायचा, हात दुखेपर्यंत. बाहेरचा फेस मात्र नुसत्या साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्यानेच पुसला, थिनर किंवा स्पिरिट लावलं की अक्षरं निघून जातात. आणि पिना अण्णांनी पितळी सळीच्या करून दिल्या, पक्कडीत धरून वाकवल्या, कानसने टोकं गोल केली, एकदम घट्ट बसल्या.

आता वाजवण्याबद्दल. फोन लावला तर नॉब थोडासा फिरवला की आवाज मोठा होतो आणि वाटतं वा काय ताकद आहे, पण ती ताकद नाही, त्या काळी इनपुटला दीडशे मिलीव्होल्टच्या आसपास यायचं असं धरून अँप बनवलेले असायचे आणि आजची सीडी वगैरे दोन व्होल्ट देते. म्हणून फोनचा आवाजच कमी ठेवतो मी, म्हणजे नॉब नीट वापरता येतो. रेकॉर्डला हा प्रश्नच नाही, त्यासाठीच तर तो बनलाय.

पहिली रेकॉर्ड बाबांना लावायला दिली. सुई टेकली, आधी रिकाम्या खाचेतली सळसळ, आणि मग तानपुरा. चारही तारा वेगवेगळ्या. पंचम, मग जोडीच्या दोन, मग खर्ज, आणि खर्ज सुटल्यावर तो जो जवारीचा झंकार उलगडत जातो, वर वर, त्याच्या आतले स्वर, ते पुढची तार छेडेपर्यंत ऐकू येत राहिले. हेच मला ब्लूटूथच्या डब्यावर घरघर म्हणून ऐकू येत होतं. गवय्याने षड्ज लावला तो त्या झंकाराच्या आत जाऊन बसला, आणि तेव्हा मला कळलं की गाणारे तानपुरा लावायला अर्धा तास का घालवतात. बाबा म्हणाले, "हा त्यांचा श्वास ऐकलास का, आधीचा?" मी ऐकला होता.

रात्री दहानंतर तर खरी मजा. आवाज इतका कमी की दार लावलं तर बाहेर ऐकू येत नाही, आणि लाऊडनेसचं बटन आत. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर ऐकूच कमी येतात, ते बटन तेवढा बेस भरून काढतं. बरेच लोक त्या बटनाला नावं ठेवतात पण ज्या कामासाठी ते आहे त्या कामाला ते अप्रतिम आहे, मोठ्या आवाजाला मात्र बंद ठेवायचं. एवढ्या कमी आवाजात पहिला, एक वॅटचा दिवासुद्धा लागत नाही. म्हणजे मी पाव वॅटवर, कदाचित त्याहून कमीवर ऐकत असतो, आणि कशाचीही कमी वाटत नाही. मुलीचं काम आहे दिव्याकडे लक्ष ठेवायचं, तराण्यात द्रुत लय आली आणि तो लुकलुकला की ती ओरडते, "लागला!"

काकांना दर महिन्याला फोन करतो. दिवाळीत ते दोघं पुण्याला मुलीकडे आले होते तेव्हा घरी आले, अँपच्या समोर खुर्चीवर बसले, मागे हात घालून चाचपडून पितळी पिना लागल्यात का ते बघितलं, आणि म्हणाले डावा स्पीकर भिंतीपासून अजून एक वीत पुढे घे. घेतला. बरोबर होतं त्यांचं, टिपणात तसंच लिहिलेलं आहे.

एक काम अजून बाकी आहे. सकाळी थंडी असली की फोनोवर उजव्या बाजूला पहिली पाच मिनिटं बारीक कुरकुर येते, गरम झाला की जाते. ऑक्सवर येत नाही, म्हणजे फोनोच्याच भागातला एखादा छोटा ट्रान्झिस्टर असणार. अण्णा म्हणालेत पुढच्या रविवारी घेऊन ये, गोठवणारा स्प्रे मारून एकेक शोधू.